एका ईसीएमच्या मरणाचं कारण

भंगारवाल्याने तो ईसीएम जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळून दिला होता. लोवेल ट्रेस्टरने तो बायकोच्या गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, क्षणभर विचार केला आणि त्याला सीटबेल्ट लावला. नॉर्थ प्लॅटच्या पलीकडून घरी यायला साडेतीन तास लागतात, आणि रस्त्यावर बर्फ होता. इंजिनाला केव्हा किती डिझेल द्यायचं हे ठरवणारा हा डबा. त्या मॉडेलसाठी तो बनवणं बंद होऊन सात वर्षं झाली होती. लोवेलच्या बायकोने, नादीनने, सोमवारी दिवसभर फोनवर बसून अकरा भंगार यार्डं पालथी घातली, तेव्हा हा सापडला. एकच.

बुधवारी सकाळी नऊला त्याने तो शर्टासकट मेकॅनिक रेनाटा सेडलाचेकच्या शेडमधल्या टेबलावर ठेवला.

"हा घे. जेवायच्या वेळेपर्यंत बसवून होईल ना?"

रेनाटाने शर्ट उलगडला. डबा हातात फिरवून पाहिला, जोडणीच्या पिना भिंगाखाली धरल्या, एकेक मोजल्यासारख्या पाहिल्या.

"चांगला आहे," ती म्हणाली. "बसवायला वीस मिनिटं लागतात."

"मग झालंच की."

"जुना कशाने मेला ते कळल्यानंतर वीस मिनिटं."

लोवेलने पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं. त्याला हेच उत्तर अपेक्षित होतं आणि नेमकं तेच नको होतं. त्या भिंतीवर ओळीने खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक मेलेला भाग टांगलेला होता: पंप, सेन्सर, रिले, डबे. प्रत्येकाला तारेने पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं. 'उंदराने वायर खाल्ली.' 'काचेतून पाणी गळत होतं, तीन वर्षं.' 'मेहुण्याने मदत केली.' नाव कुणाचंच नाही, पण तो मेहुणा कोण हे सगळ्या काउंटीला ठाऊक होतं. रेनाटाचा नियम एकच होता. जुन्या भागाचं लेबल लिहून झाल्याशिवाय नवा भाग गाडीत जायचा नाही. बाहेरगावचे पाहुणे आले की लोवेल त्यांना मुद्दाम ही भिंत दाखवायला आणायचा आणि पोट धरून हसायचा. आज हसू येत नव्हतं.

त्याला कारण होतं. त्याच्या दोनशे बारा गाभण गाई उत्तरेच्या माळावर उघड्यावर होत्या, आणि गुरुवारी संध्याकाळी हिमवादळ येणार होतं. वादळ यायच्या आत त्यांना तीन मैल दक्षिणेला, वारा अडवणाऱ्या सीडरच्या झाडांच्या तिहेरी रांगेमागे आणायला हवं होतं. पोटं एवढी मोठी झालेल्या गाईंना साठलेल्या बर्फातून मागून हाकलं तर त्या धापा टाकतात, घसरतात, वासरं टाकतात. त्या पुढे चालणाऱ्याच्या मागून येतात, आणि लोवेलच्या गाई फक्त एकाच गोष्टीच्या मागून यायच्या: त्याच्या पांढऱ्या पिकअपच्या. मागच्या दोन लोखंडी हातांमध्ये गवताचा बाराशे पौंडांचा गोल गठ्ठा धरून ती पिकअप चौदा हिवाळे त्यांच्यापुढे चालत आली होती. सोमवारी पिकअप बंद पडून इथे शेडमध्ये आली, तेव्हापासून शेजारचा डेल्मर आपल्या ट्रॅक्टरने त्यांना जागेवर गवत टाकत होता. काल त्याने वाटेला लावायचा प्रयत्नही करून पाहिला. गाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, एवढंच.

"रेनाटा, उद्या संध्याकाळी..."

"मला माहितीय उद्या संध्याकाळी काय आहे. रेडिओ माझ्याकडेपण आहे." तिने पिकअपचं बॉनेट उघडलं. "हा मरायच्या आधी गाडीवर काही काम केलं होतंस?"

"तेल बदललं होतं. डिसेंबरात."

हे खरं होतं. फक्त त्यात रविवार नव्हता.

रविवारी दुपारी लोवेलने पिकअपच्या मागच्या डाव्या हाताला गेलेली चीर वेल्डिंग करून सांधली होती. पण काउंटीच्या जत्रेत मुलांच्या वेल्डिंगचं परीक्षण तो एकोणीस वर्षं करत होता. आसपासच्या निम्म्याअधिक फाटकांवर त्याच्या हातचे सांधे होते. गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी सोडायची, नाहीतर इलेक्ट्रॉनिक भाग जळतात, हे तो दरवर्षी प्रत्येक पोराला तोंडपाठ करायला लावायचा. आणि रविवारी त्याने बॅटरी सोडली होती, स्वतःच्या हाताने. मग त्या वेल्डिंगचा ह्या मरणाशी संबंध असायचं कारण नव्हतं, आणि संबंध नाही तर तो विषय काढायचंही कारण नव्हतं. सोमवारपासून तो स्वतःला हे समजावत होता, आणि सकाळच्या वेळी ते पटायचंही.

रेनाटाने ईसीएमच्या मोकळ्या जोडणीत मीटरच्या दोन सुया लावल्या.

"ये इकडे. किती दाखवतोय?"

"बारा पॉइंट पाच."

"म्हणजे वीज येतेय. छान." तिने सुया काढल्या आणि खिशातून जुन्या गाडीच्या हेडलाइटचा दिवा काढला. त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. त्या तिने त्याच दोन पिनांना लावल्या. "आता?"

दिवा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबडा झाला आणि तसाच राहिला.

"दिवा गेलेला असेल," लोवेल म्हणाला.

तिने तोच दिवा सरळ बॅटरीला लावला. लोवेलला डोळे मिटून घ्यावे लागले.

"मीटरला काम नसतं," रेनाटा म्हणाली. "तो नुसता दारातून डोकावून विचारतो, आहे का कुणी घरात? दिव्याला वीज वापरायची असते. वाटेत काहीतरी अर्धवट तुटलंय."

लोवेल तिथेच उभा राहिला. खरं तर त्याला घरी परतायचं होतं, पण नादीनने सोबत मांस-राजम्याच्या चिलीचं भांडं आणि सिनॅमन रोल दिले होते आणि ते अजून तिच्या गाडीतच होते. शिवाय रेनाटाला काम करताना पाहणं ही जरा अडकवून ठेवणारी गोष्ट होती. ती घाई करत नव्हती आणि रेंगाळतही नव्हती. प्रत्येक मोजणी झाली की ती आकडा एका वहीत लिहायची, शेजारी वेळ लिहायची, मग पुढची. हातमोज्यांची टोकं तिने कापून टाकली होती आणि बोटं थंडीने लाल झाली होती, तरी सुई पिनेवर टेकवताना बोट हलत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई. तिचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. ते गेले तेव्हा लोक म्हणाले होते की आता हे शेड बंद पडणार.

तासाभरात तिने ईसीएमकडून बॅटरीकडे जाणारी काळी बारीक वायर शोधून काढली. वरचं आवरण आक्रसून तपकिरी झालं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखंच.

"ही बघ. हिचं काम पंधरा अँपिअरचं. हिच्यातून शंभराच्या आसपास गेलेत."

"मग बदल ही. वायरच आहे."

"बदलते. पण शंभर आले कुठून?"

तिने रोलच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढायला घेतली. इंजिन, दोन बॅटऱ्या (डिझेल पिकअपला दोन असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे), ईसीएम, आणि थंडीत इंजिनात जाणारी हवा तापवणारी जाळी.

"सोमवारी सकाळी किती थंडी होती?"

"शून्याखाली अकरा."

"किल्ली फिरवलीस. जाळी तापायला लागली. मग?"

"आतले दिवे मिणमिणले. एकदा खट् झालं. मग काहीच नाही."

"बरोबर. एवढी वीज गाडीत फक्त ती जाळी आणि स्टार्टर घेतात. तू स्टार्टरपर्यंत पोचलाच नाहीस." तिने पेन्सिलीने बाण काढला. "जाळीची वीज बॅटरीतून येते आणि बॅटरीतच परत जाते. परत जायला तिला जाड केबल दिलेली आहे. सोमवारी ती जाड केबल सोडून ह्या डब्याच्या पोटातून, ह्या बारीक वायरीतून गेली. का गेली?"

लोवेलने आकृती स्वतःकडे वळवून घेतली.

"ते कळल्याशिवाय नवा बसवला तर तोही तसाच जाईल," ती म्हणाली. "पहिल्याच थंड सकाळी. पंधरा सेकंदांत."

तेवढ्यात लोवेलचा फोन वाजला. नादीन होती.

"ऐकलंस का? वादळ पुढे सरकलंय. उद्या दुपारीच म्हणतायत. दोननंतर रस्ते बंद करणारेत." ती थांबली. "गाडी कधी मिळतेय?"

"बघतो."

"बघतो म्हणजे? मी डेल्मरला विचारलं. उद्या त्याला त्याच्याच चारशे आवरायच्यात. तो येऊ शकत नाही, आणि आपण त्याला म्हणूही शकत नाही."

"बघतो म्हटलं ना."

फोन खिशात टाकून तो रेनाटाकडे वळला. "बसव तो डबा. मेला तर माझा मेला."

"आणि गाई?"

"तीन मैल चालला तरी मला पुरे आहे."

"तीन मैल नाही, लोवेल. पंधरा सेकंद. उद्या सकाळी तू गाडी सुरू करशील तेव्हा शून्याखाली दहा असेल, आणि पहिली जाळीच तापेल." ती शांत होती. "तुझ्याकडे असा एकच आहे. माझ्याकडे शून्य आहेत. मी नाही बसवणार."

"गाडी माझी आहे."

"आहेच. चार बोल्ट आहेत, तिकडे दहा नंबरचा पाना आहे. स्वतः बसवायचा तर बसव. मी अडवणार नाही, बघणारही नाही."

लोवेल पान्याकडे बघत राहिला. पाना त्याने उचलला नाही.

"किती वेळ लागेल शोधायला?" त्याने शेवटी विचारलं.

"वायरींचा सगळा जुडगा सोलावा लागेल. वाटेत कुठेतरी जळून दुसऱ्या वायरीला चिकटलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही. उद्या दुपारपर्यंत."

"उद्या दुपारी वादळ आहे."

"म्हणून तर बोलण्यात वेळ घालवत नाही," असं म्हणून तिने ब्लेड घेतलं, गाडीखाली फळी सरकवली, तिच्यावर आडवी झाली आणि जुडग्यावरची चिकटपट्टी मागच्या टोकापासून कापायला लागली.

लोवेलला फक्त तिचे बूट दिसत होते. आणि कापून काढलेल्या पट्टीचे तुकडे, जे ती एकेक करून बाहेर ठेवत होती. ती ते फेकत नव्हती. कुठून काढलं ते खडूने लिहून ओळीने मांडत होती, म्हणजे परत बांधताना चूक व्हायला नको. पहिली वीत झाली. दुसरी झाली. वायरी स्वच्छ होत्या. तिने तसं गाडीखालूनच सांगितलं, "स्वच्छ," आणि पुढे सरकली. सगळा जुडगा सतरा फुटांचा होता. उबेला एक छोटा हीटर होता, तो तिने लोवेलच्या बाजूला ठेवला होता.

तिसऱ्या वितीला लोवेल म्हणाला, "रविवारी मी मागच्या हाताला वेल्डिंग मारलं."

ब्लेडचा आवाज थांबला. मग फळीची चाकं घरंगळली आणि रेनाटाचा चेहरा बाहेर आला.

"बॅटरी सोडली होतीस?"

"सोडली होती. म्हणून तर म्हटलं नाही."

"दोन्ही?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग त्याला ते उत्तर स्वतःलाच ऐकू आलं.

"डावी," तो म्हणाला. "दोन्ही एकमेकींना जोडलेल्याच असतात ना."

"त्याचसाठी दोन्ही सोडायच्या असतात." ती उठून बसली. "वेल्डिंगची वीज परत नेणारा चिमटा कुठे लावलास?"

"पुढे. बंपरच्या गार्डला."

"वेल्डिंग मागे, आणि चिमटा पुढे?"

"बॅटरी सोडायला पुढे उभा होतो ना. चिमटा हातातच होता. लावून टाकला." ज्या पोराने असं केलं असतं त्याला त्याने सगळ्यांसमोर उभं करून पुन्हा करायला लावलं असतं.

रेनाटा गाडीच्या मागे गेली, खाली वाकली आणि डाव्या हातावरचा ताजा काळा रंग नखाने खरवडून सांध्यावरून अंगठा फिरवला. नाण्यांची चळत आडवी करावी तशा एकसारख्या लाटा होत्या, नऊ इंच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रुंदीच्या.

"हे तू झोपून केलंस?"

"गुडघ्यावर. झोपता येत नाही आता."

"गुडघ्यावर इतकं सरळ," ती म्हणाली. खुशामत म्हणून नाही. उंदराने खाल्लेली वायर ती जशी पाहायची तसंच तिने हेही पाहिलं होतं, आणि जे दिसलं ते सांगितलं. मग ती उभी राहिली. "जत्रेत बॅटरी सोडली नाही तर पोरांचे किती मार्क कापतोस?"

"पाच."

"तुझे अडीच कापते. अर्धी सोडली होतीस."

लोवेलला हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

ती सरळ उजव्या बॅटरीकडे गेली. तिथून इंजिनाकडे जाणारी अंगठ्याएवढी जाड काळी केबल बाहेरून नव्यासारखी दिसत होती. तिने ती दोन हातांनी धरली आणि वाकवली. आतून वाळूवर बूट घासल्यासारखी कुरकुर ऐकू आली. तिने ब्लेडने आवरण उभं चिरलं. आत तांब्याच्या जागी काळी राख होती, थोडी हिरवी भुकटी होती, आणि तीन तारा. तीनच.

"तुझ्या वेल्डिंगची वीज मागून पुढे येताना इथून गेली," ती म्हणाली. "ही बॅटरी अजून जोडलेली होती, म्हणून विजेला ही वाट मिळाली. केबल आतल्याआत भाजली. सोमवारी जाळीची वीज परत यायला निघाली, तिला ही वाट बंद सापडली, म्हणून ती डब्यातून गेली." तिने त्या तीन तारा बोटाने हलवल्या. "आणि एक सांगते. सोमवारी गाडी आली तेव्हा मी हिला मीटर लावला होता. मीटरला तीन तारा भरपूर झाल्या. मी हिला पास केलं, वहीत लिहिलंय. तेव्हाच दिवा लावायला हवा होता. राहिलेले अडीच मार्क माझे काप."

तिने वही उघडली, सोमवारचा तो आकडा शोधला, त्याच्यावर एक रेघ मारली आणि शेजारी आजची तारीख घातली. मग वही मिटून टाकली. लोवेलने आयुष्यात पुष्कळ मेकॅनिक पाहिले होते. आपली चूक शोधून काढून तिच्यावर तारीख घालणारा त्याने पाहिला नव्हता.

नवी केबल बनवायला तिला अर्धा तास लागला. तिने माप घेऊन तांब्याची केबल कापली, दोन्ही टोकांना जोडणीचे पितळी खूर बसवले, ते दाबयंत्रात दाबले आणि हिसका देऊन ओढून पाहिले. बारीक वायरही बदलली. मग पुन्हा तोच हेडलाइटचा दिवा त्याच दोन पिनांना लावला. बॉनेटची आतली बाजू लख्ख उजळली. तिथे कुठल्यातरी जुन्या उंदराने आणून ठेवलेल्या चेरीच्या बियासुद्धा दिसल्या.

मग ती टेबलापाशी बसली आणि मेलेल्या ईसीएमचं लेबल लिहिलं. लोवेल मुद्दाम दुसरीकडे पाहत उभा राहिला. तिने तारेने ते बांधलं, खिळ्याला अडकवलं, आणि ती कॉफी ओतायला गेली तेव्हा त्याने वाचलं. 'उजवी बॅटरी सोडली नाही. वेल्डिंग मात्र उत्तम.'

"आता बसवायचा?" त्याने विचारलं.

"आता ह्याला तुझी गाडी ओळखायला शिकवायची. हा अजून कुणा दुसऱ्याच्या गाडीचा आहे, तुझ्या किल्लीला दाद देणार नाही."

जुन्या डब्याचा वीज सांभाळणारा भाग जळला होता, पण स्मृती शाबूत होती. रेनाटाने तो पुन्हा भिंतीवरून उतरवला, टेबलावर लॅपटॉपला जोडला आणि त्यातली सगळी माहिती वाचून घेतली. मग पुन्हा वाचली. दोन्ही वाचनं शेजारी ठेवून कॉम्प्युटरला तुलना करायला लावली. हजारो आकड्यांत एक आकडा वेगळा निघाला.

"एकच आकडा," लोवेल म्हणाला. "एकाने काय होतंय?"

"काही होणारही नाही कदाचित. किंवा तिसऱ्या सिलिंडरला दुप्पट डिझेल जाईल. कोणता आकडा कशाचा ते मला माहीत नाही, म्हणून तो बरोबर असायला हवा." तिने तिसऱ्यांदा वाचलं. तिसरं दुसऱ्याशी तंतोतंत जुळलं. तरी तिने चौथ्यांदा वाचलं, आणि तेही जुळलं तेव्हा मान हलवली.

नव्यावर लिहायच्या आधी तिने टेबलाचा विजेचा प्लग काढला आणि सगळं दोन मोठ्या बॅटऱ्यांवर जोडलं. बाहेर वारा सुटला होता आणि शेडमधले दिवे मधूनच फडफडत होते. लिहिता लिहिता वीज गेली तर हाही डबा गेला, असं तिने सांगितलं आणि मग दोघांनी पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना बघत, उभ्या उभ्या, थंडगार झालेली चिली आणि सिनॅमन रोल खाल्ले. पट्टी साठ टक्क्यांवर असताना दिवे खरोखरच गेले. पट्टी सरकत राहिली. रेनाटाने रोल चावणंही थांबवलं नाही.

ईसीएम गाडीत बसला तेव्हा चार वाजले होते. बसवायला वीस मिनिटं लागली.

"चालू करू?" लोवेलने किल्ली पुढे केली.

"आत्ता चालू होईलच. इंजिन शेडमध्ये बाहेरइतकं गारठलेलं नाही, जाळी तापणारच नाही. त्याने काहीच सिद्ध होत नाही." तिने मोठं दार उघडलं. थंडी आत आली. "बाहेर ढकलू. रात्रभर गारठू दे. सकाळी सातला ये."

"आणि सकाळी नाही झाली तर?"

"तर उद्या सकाळी कळेल की मी चुकले. आज चालू करून ते कळणार नाही."

ह्यावर वाद घालता आला असता. लोवेलने खांदा पिकअपच्या दाराला लावला आणि ढकललं.

गुरुवारी सकाळी सातला शून्याखाली नऊ होतं आणि उत्तरेचं आकाश शिशाच्या रंगाचं झालं होतं. नादीन त्याला सोडायला आली होती. ती तिच्या गाडीतून उतरली नाही, काच मात्र खाली केली. पिकअपच्या काचेवर बर्फाचं कवच होतं. रेनाटा आधीच आली होती. तिने नव्या जाड केबलभोवती चिमट्याच्या आकाराचं एक मोजयंत्र लावलं होतं, आणि दुसरं बारीक वायरीभोवती. ती बॉनेटवर वाकून उभी राहिली.

"किल्ली फिरव. अर्धीच. स्टार्टरला जाऊ नकोस."

त्याने फिरवली. जाळीचं पिवळं चिन्ह लागलं. आतले दिवे किंचित मंद झाले.

"जाड, ब्याण्णव," रेनाटाने वाचलं. "बारीक, शून्य पॉइंट चार." ती पुन्हा म्हणाली, ह्या वेळी हळू, जणू स्वतःलाच वाचून दाखवत होती. "शून्य पॉइंट चार." मग तिने वही काढली, लिहिलं, वेळ टाकली. "आता कर चालू."

इंजिन दोन फेऱ्यांत लागलं. सुरुवातीला खडखडलं, मग थंड डिझेलचा तो जाड, पोटातला आवाज बसला आणि एका लयीत चालू राहिला. नादीनने काच वर केली आणि निघून गेली. तिला कोंबड्या आत घ्यायच्या होत्या. लोवेलने रेनाटाकडे पाहिलं. ती इंजिनाकडे पाहत होती, डोकं थोडं कलतं करून, ऐकत. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण त्याच्यासाठी नव्हे. कशासाठी होतं ते त्याला ठाऊक होतं. वेल्डिंगची नऊ इंचांची शिवण एका दमात सरळ उतरली की त्याचाही चेहरा तसाच होत असणार.

"जा," ती म्हणाली. "दोनला रस्ते बंद होतायत."

उत्तरेच्या माळावर पोचेपर्यंत बारीक, कोरडा बर्फ आडवा उडायला लागला होता. मागच्या हातांत गवताचा गठ्ठा होता. त्याने माळाच्या कडेला गाडी उभी केली आणि तीनदा हॉर्न वाजवला. दूरवर, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या काळ्या ठिपक्यांमधून एक डोकं वर झालं. मग दुसरं. मग सगळा कळपच वळला आणि जड पोटं सावरत, घाईने नाही पण न थांबता, पिकअपच्या दिशेने चालायला लागला. लोवेलने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. तीन मैलांना त्याला दोन तास लागले. एकदाही त्याने वेग वाढवला नाही. बाजूच्या आरशात सबंध वेळ तीच रांग दिसत होती. पुढे कान फाटलेली म्हातारी गाय, जी नेहमीच पुढे असायची, आणि तिच्यामागे बाकीच्या, नाकातून वाफा सोडत.

सीडरच्या रांगांमागे वारा एकदम पडला. फाटकापाशी उभं राहून त्याने आत जाणाऱ्या गाई मोजल्या. दोनशे अकरा. तो थांबला. दोन मिनिटांनी बर्फातून शेवटची आली, लंगडत पण स्वतःच्या पायांनी, आणि त्याने फाटक लावलं.

मग तो गाडीत बसला आणि इंजिन बंद केलं.

असं इथे कुणी करत नाही. ह्या थंडीत, घरापासून इतक्या लांब, गाडी चालू ठेवूनच सगळी कामं उरकतात. तो तसाच बसून राहिला. गठ्ठ्यातलं गवत ओढणाऱ्या गाईंच्या जबड्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा वारा. इंजिनाचं लोखंड टिकटिकत निवत होतं. त्याने ते निवू दिलं, अगदी बॉनेटवर पडणारा बर्फ वितळायचा थांबेपर्यंत. मग किल्ली अर्धी फिरवली. पिवळं चिन्ह लागलं. त्याने मनात सेकंद मोजले, पंधरापर्यंत, आणि पुढचेही काही. चिन्ह विझलं. त्याने किल्ली पूर्ण फिरवली, इंजिन लागलं, आणि तो दुसरा गठ्ठा आणायला निघाला.